हार उरले म्हणून सत्कार

आमची पोरगी पहिलीला, गावातल्याच शाळेत. गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता, शेवटून दुसरा. घरात नुसतं तेच चालू, कुकरची शिट्टी झाली तरी नाचायची.

आमचा मळा फुलांचा, म्हणून पालकांच्या मीटिंगमध्ये सर मला म्हणले, "ताई, हारांचं तुमच्याकडं. लोकसहभाग पाहिजे." मी नुसती मान हलवली. सातवीतून शाळा सोडलेली मी, सरांना अजून भिते, किती आणू तेबी विचारलं नाय. कमी पडले तर लाज जाईल म्हणून सासूबाई अन् मी पहाटेपासून ओवत बसलो, अन् टमाट्याचं प्लास्टिकचं कॅरेट असतं ना, ते शिगोशीग भरून नेलं. तिथंच चुकलं.

सरांनी कॅरेटात डोकावलं अन् चेहरा असा खुलला! सत्कार सुरू, आजी सरपंच झाले, माजी झाले. ज्यानं शाळेला पाण्याची टाकी दिली तो झाला, ज्यानं ती टेम्पोतून आणली तोबी झाला. हार पडला की प्रत्येकजण दोन शब्द बोलणार. मुलांच्या कलागुणांना वाव मिळाला पाहिजे, जो तो हेच सांगत होता, अन् ती कलागुणवाली पोरं स्टेजमागं उन्हात, पावडर घामानं वघळलेली.

"मम्मी, आला का माझा नंबर?"

"येईल, येईल."

कुठला येतो! मंडपवाल्यानं सकाळीच सांगितलं होतं, दोन वाजता स्टेज, स्पीकर सगळं उचलणार, सिन्नरला लग्न हाय. तो घड्याळ बघत उभाच होता.

शेजारची बाई हसली, "अगं, तुझे हार उरले म्हणून माणसं शोधतायत."

खरंच की! सर माइकवर, "अजून कोण राहिलंय का? लाजू नका." एक बाबा नुसता नातवाचा डबा द्यायला आलेले, त्यांनाबी हार घातला. त्यांनीबी दोन शब्द बोलून घेतले.

माझा जीव वरखाली. कॅरेट हळूच खुर्च्यांच्या मागं ओढलं, वर गोणपाट टाकलं अन् त्याच्यावर बसले.

"ताई, हार?" सर माइकवरूनच.

सगळा मंडप माझ्याकडं वळला. "संपले, सर."

"संपले? अरेरे! आता तुमचाच सत्कार राहिला होता. बरं, वर या, नारळ तरी घ्या."

उठले असते तर मेलेच होते. "पाय मुरगळलाय, सर."

हार नाय म्हणल्यावर सत्काराची माणसंबी संपली, अन् गाणी लागली. पोरीचा नंबर आला. सगळ्या डावीकडं तर ही उजवीकडं, मला शोधत होती. मी दिसले अन् मग काय नाचली! सगळ्या आया उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, मी एकटीच बसलेली.

मंडपवाला खुर्च्या गोळा करत माझ्यापाशी आला. "ताई, उठा आता."

म्हणलं, "भाऊ, आधी सर गेले का बघा."