शारदाविहारच्या जानकीबाई

सत्य बोलावे, हे सारेच शिकवतात. परंतु ज्या सत्याने आपलाच मनोरथ मोडू शकतो, ते उच्चारायला निराळे धैर्य लागते. मन, वाणी आणि कृती एका रेषेत ठेवणाऱ्या या वृत्तीला आपल्या परंपरेने ‘आर्जव’ हे सुंदर नाव दिले. झाशीच्या जानकीबाई म्हणजे मूर्तिमंत आर्जव.

दतिया गेटच्या जुन्या घराच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होताच त्यांनी बिजौलीच्या वाटेवर, शारदाविहार नावाच्या नव्या वसाहतीत घर बांधले. वसाहत मोठी रंगतदार होती. निम्मी घरे रेल्वेवाल्यांची, काही बिजौलीच्या कारखान्यांतल्या सुपरवायझरांची, दोन निवृत्त सुभेदारांची. भाव वर्षागणिक चढत होते. सारे काही होते, फक्त मराठी बोलायला कोणी नव्हते. बाई एकट्याच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सुभेदारीणबाई हौसेने येत, कैरीची डाळ वाखाणत, पण गप्पा सगळ्या हिंदीत.

अशात कार्तिकातल्या एका सकाळी शेजारचे विकाऊ घर पाहायला एक जोडपे आले. “अहो, स्वयंपाकघर बघा ना, केवढं ऐसपैस!” कुंपणापलीकडून हे शब्द कानी पडले आणि बाईंच्या हातातली परडी तशीच राहिली. सुमेध रेल्वेच्या वॅगन कारखान्यात बदलून आलेला, मयुरा त्याची पत्नी, दोघे भुसावळचे. बाईंचा आनंद गगनात मावेना. क्षणात चहा झाला, चकल्यांचा डबा निघाला.

त्यांना घर दाखवायला आलेला दलाल रामस्वरूप बाईंचा खरेपणा ओळखून होता. हळूच म्हणाला, “माताजी, आज आप मौन व्रत रखिए. पड़ोस आपका ही बसेगा.”

बाईंच्या मनात जणू समुद्रमंथन चालले. एक शब्द गिळला की जन्मभराचा शेजार! मयुरेने भोळेपणाने विचारले, “काकू, पाण्याचं कसं आहे इथे?”

“आत्ता भरपूर आहे गं. पण वैशाखात या घराचं बोरिंग आटतं. चाळीस दिवस टँकर. घर घ्यायचंच तर वैशाखात या, नळ सोडा, बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहा, आणि मग बयाना द्या.”

पाहुणे निरोप घेऊन गेले. रामस्वरूप कपाळावर हात मारून म्हणाला, “लीजिए! अब हल्दी-कुंकू टैंकरवाले को लगाइए.”

“लावीन,” बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी जेवण काही गेले नाही.

हिवाळा सरला, होळी झाली. वैशाखातल्या एका रखरखीत दुपारी फाटक वाजले. दारात मयुरा, घामाने निथळलेली, हातात निळी बादली. मागे सुमेध, घड्याळावर नजर.

“काकू, तुमची अख्खी ओळ तपासली! शेजारचं बोरिंग खरंच कोरडं. पण याच ओळीतल्या तिसऱ्या घराची बादली दोन मिनिटांत भरली. मालकांना विचारलं, तर ते ग्वाल्हेरला मुलाकडे जायच्या विचारात! विकतो म्हणाले!”

“आणि तिथेही कधी टँकर लागला तर?”

“भुसावळच्या माणसाला टँकरची धास्ती घालता? फक्त आधी कळायला हवं होतं, आणि ते तुम्ही सांगितलंत.”

बाई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. रामस्वरूपला निरोप गेला. रजिस्ट्रीची तारीख ठरताच तो स्वतः पेढे घेऊन धावत आला. “माताजी, आप तो हमसे बड़ी दलाल निकलीं!”

मयुरेच्या सांगण्यावरून पुढे सुमेधच्या कारखान्यातली आणखी मराठी बिऱ्हाडे आली. प्रत्येकाला बाईंनी आधी दोष सांगितला, मग घर दाखवले. सहा वर्षांनी त्या अल्पशा आजाराने गेल्या.

शारदाविहारच्या त्या ओळीत आज पाच मराठी घरे आहेत.