पितळी कार्बोरेटर आणि साडूची डिकी

जुन्या अमेरिकन ट्रॅक्टरचा पार्ट मी डोळे मिटून ओळखतो. ही बढाई नव्हे. बढाईच मारायची असती, तर नुसत्या वासावरून ओळखतो म्हटलं असतं, आणि तेही दोनदा ओळखलेलं आहे.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझं आणि साडूचं दुकान आहे. पोट भरतं पंपांच्या आणि जनरेटरच्या सामानावर, पण कुण्या हौशी माणसाच्या शेडमधून आजोबांच्या वयाचा ट्रॅक्टर निघाला की तो शेवटी आमच्याच दारात येतो. नवशिके पार्टवरचा ओतीव नंबर वाचतात आणि तोच अमेरिकेला कळवतात. अरे, तो साच्याचा नंबर! पार्टचा नंबर वेगळा असतो. असाच एकाला सायलेन्सरऐवजी सीटचा दांडा आला. त्यानं तोच बसवला आणि ट्रॅक्टर उलट जास्त पळायला लागला, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

गेल्या नवरात्रात रास अल खैमाच्या एका अरबाबचा लाल ट्रॅक्टर आमच्याकडे होता. अरबाब म्हणजे मालक. हा बागाईतदार म्हातारा, हिंदी माझ्यापेक्षा चांगली. ट्रॅक्टर त्याच्या वडिलांनी खजुराच्या बागेत चालवलेला. देतानाच त्यानं माझं मनगट धरलं होतं. "दूसरा पार्ट मत लगाना. जिसको मेरे बाप का हाथ लगा, वही चाहिए. समझा, हबीबी?"

समजलो. सगळ्यात मोलाचा होता त्याचा पितळी कार्बोरेटर, तव्याच्या बुडासारखा काळा. असे अस्सल पृथ्वीवर चारच उरलेत, आणि बाकीच्या तिघांबद्दल मला शंका आहे. नकला मात्र हव्या तेवढ्या मिळतात. आदल्याच आठवड्यात एक संग्रहवाला दुकानात येऊन त्याच्याकडे टक लावून बघत होता. साडूनं त्याला बाहेर नेऊन कडक चहा पाजला. मला साडूनं तेरा वर्षांत बाहेर नेऊन चहा पाजलेला नाही.

अष्टमीला मी रेडिएटर आणायला रास अल खैमाला गेलो. परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये एवढा अडकलो की शेजारच्या गाडीतल्या माणसाचं टक्कल माझ्यासमोर वाढलं. दुकानात शिरलो तर कार्बोरेटरचा ट्रे रिकामा.

"असेल इथंच," साडू मान वर न करता म्हणाला. "उद्या खंडेनवमी. बायकांनी आवराआवर केलीय, सगळं इकडचं तिकडे झालंय."

मान वर न करता! मी ते मनात टिपून ठेवलं.

सकाळी पूजा मांडली होती. पाने, जॅक, चेनब्लॉक, त्यांवर बर दुबईहून आणलेला झेंडू, आणि मधोमध कार्बोरेटर, नव्या नवरीसारखा झळझळीत. अस्सल गेला संग्रहवाल्याकडे आणि इथं नक्कल बसली! ग्रीसनं माखलेला चेनब्लॉक बाजूला सारून ओतीव नंबर पाहिला, बरोबर होता. पण नकला करणारे नंबरही उतरवतात.

बोलायची सोय नव्हती. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. साडूला चोर म्हणणं म्हणजे स्वतःच्याच घरचा गॅस बंद करून घेणं. तेव्हा आरती चालू असताना मी साडूच्या गाडीची किल्ली उचलली आणि डिकी उघडली. एक फुटबॉल आणि तांदळाचं पोतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. तांदूळच होता.

परत येतो तर अरबाब दारात. कार्बोरेटर हातात घेऊन त्यानं आमच्याकडे असं पाहिलं की टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

"ये मेरा नहीं है."

मी साडूकडे पाहिलं. साडू माझ्याकडे पाहत होता.

"साडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "काल रास अल खैमाला तुम्ही एकटेच गेला होतात ना?"

म्हणजे हा माझ्यावरच उलटला! मी तोंड उघडणार तेवढ्यात माझी बायको प्रसाद घेऊन पुढे आली.

"अहो, तो कालचा काळा डबाच ना हा? घरी नेला होता मी. समई, ताम्हण घासायला काढलंच होतं, त्यातच चिंच लावून घासला. देवापुढं काळं कशाला ठेवायचं?"

मी अरबाबला सांगितलं, "इमली से साफ किया."

"इमली?" त्यानं भुवई चढवली. गेल्या चाळीस वर्षांत मेकॅनिकांच्या थापा ऐकून ऐकून त्याची भुवई कायमचीच अर्धी वर राहिलेली होती. "मेरे बाप का ज़माना इमली से निकल गया?"

तो पितळेवरून अंगठा फिरवत राहिला. इंजिनाकडच्या अंगाला, जिथं मी पाहिलंच नव्हतं, तिथं अंगठा थांबला. तिथं पितळ पोचे पडून दबलं होतं. आतला फ्लोट अडकला की पेट्रोल येईना, मग वडील तिथंच दगडानं ठोकायचे, असं त्यानं सांगितलं. चिंचेनं काळं गेलं, पोचे तसेच राहिले. म्हाताऱ्यानं तो माझ्या हातात ठेवला. "लगा के दिखा."

कार्बोरेटर बसवला. पहिल्याच हँडलला ट्रॅक्टर धडधडला, तशी म्हाताऱ्याची भुवई पुन्हा चढली. "बिना पत्थर के?" त्यानं बाहेरून एक दगड आणला, जुन्या पोच्यात नेमका एक ठोका घातला, कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. "अब मेरा है. खलास."

मी साडूच्या पाठीवर थाप मारली. "मला तुमच्याबद्दल शंका नव्हतीच हो!"

तेवढ्यात प्रसादाच्या भातासाठी डिकीतून पोतं आणायला गेलेली मेव्हणी दारातूनच ओरडली, "भावोजी, तांदूळ काळा कसा झाला? कुणी हात घातला होता यात?"

साडूनं मूठभर तांदूळ घेतला आणि माझ्या नाकाशी धरला.

"साडूभाऊ, तुम्ही वासावरून ओळखता ना? सांगा बरं, कुणाच्या हाताचं ग्रीस आहे?"