रेमाकाकीकडे फ्रॉक मागायला

तव्यावरचं पहिलं घावन नेहमीप्रमाणे चिकटलं, रेमाकाकीने ते नेहमीप्रमाणे मांजरीला घातलं, आणि दुसरं जरा सुटायला लागलं तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

वाडीत दार वाजवायची पद्धत नाही. ज्याला यायचं तो पाणंदीतूनच "काकी, हायस काय गो?" असं ओरडतो आणि उत्तर मिळायच्या आत पडवीत येऊन टेकतो. दार वाजवणारे दोघेच. एक पोस्टमन, आणि दुसरा असा माणूस की ज्याला काहीतरी मागायचंय पण मागायची लाज वाटतेय. पोस्टमन काही सकाळी साडेसातला येत नाही.

दारात हितेश आणि सुजय उभे होते. हितेश वर्षभर रिक्षा चालवतो आणि मे महिन्यात, मुंबईचे चाकरमानी आले की, वाडीच्या सत्यनारायणाच्या पूजेपुरता नाटककार होतो. सुजय वायरमन. अंगाने आडवा, आणि मिशी अशी की वळणावर आधी मिशी दिसते, मागून सुजय.

"काकी, तुझा एखादा जुना फ्रॉक असला तर दे ना," हितेश म्हणाला.

"माझा?"

"व्हय. म्हणजे सुजयला."

रेमाकाकीने सुजयला वरून खाली न्याहाळलं. "ह्याला पूजेचा मांडव गुंडाळलात तरी पाठ उघडी राहील रे."

रेमाकाकीचं पूर्ण नाव रेमेदीन आल्मेडा. वाडीतलं एकुलतं एक ख्रिश्चन घर. बेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती पांढऱ्या साडीत, आणि त्यानंतर तिला साडीशिवाय कुणी पाहिलेलं नाही. वाडीतल्या सगळ्या बायकांची पोलकी तीच शिवते. कुणाचा दंड कुठल्या वर्षी किती वाढला हे तिला तोंडपाठ आहे, आणि ते ती कुणाला सांगत नाही, म्हणून तिचा धंदा चालतो. शेवटचा फ्रॉक तिने चौथीत असताना घातला होता.

हे सगळं दोघांना माहीत होतं. हितेशच्या बारशाची कुंची तिनेच शिवलेली. पण टीव्हीवर ख्रिश्चन बाई येते ती फ्रॉकमध्येच, तेव्हा काकीच्या कपाटात तळाशी कुठेतरी फ्रॉक असणारच, अशी दोघांची प्रामाणिक समजूत होती. चाळीस वर्षं डोळ्यांसमोर वावरलेल्या काकीपेक्षा दोन वर्षं टीव्हीवर पाहिलेली आंटी त्यांना जास्त खरी वाटत होती.

"कसलं नाटक?" काकीने विचारलं. विचारतानाच तिला कळलं होतं.

"ते सोमवारी लागतं ना हसायचं, तसंच. आंटी आणि पाद्री. मुंबईवाले जाम हसतील, काकी."

रेमाकाकी "बघते" म्हणाली आणि आत आली. दुसरं घावन करपलं होतं.

सोमवारचा तो कार्यक्रम ती शेजारी तुळसाकडे बसून बघायची. त्यातला पाद्री गळ्यात क्रूस घालून येतो तो केवढा, तर ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात तेवढा. आंटी दर दोन शब्दांनी "ओ गॉड" म्हणते. मराठी बोलताना पुरुषाला बाई करते आणि बाईला पुरुष. गुडघे टेकून प्रार्थनेला बसते आणि उठताना हातात बाटली असते. काकीला त्याचा राग यायचा असं नाही. पाद्री पुष्कळदा तिला खरंच मजेशीर वाटायचा. त्रास वेगळाच होता. पाद्री पडद्यावर आला रे आला की तुळसाच्या घरातल्या पाचही माना एकदम काकीकडे वळत. ती हसली तर मग ते हसत. त्यामुळे विनोद यायच्या आधीच तिला चेहऱ्यावर हसू तयार ठेवावं लागे, पाहुण्यांची चाहूल लागली की चहाचं आधण ठेवतात तसं. त्या गडबडीत विनोद कुठला तेच निसटून जाई.

तिथे पाच माना होत्या. पूजेला तीनशे असणार.

गुडघा धरलाय असं सांगून घरी बसावं, असा विचार तिने दुपारभर केला. पण बेचाळीस पूजांत तिने एकही चुकवली नव्हती. संतान, तिचा नवरा, गेला त्या वर्षीसुद्धा शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती. पहिल्या वर्षी पूजेला नमनाचा खेळ होता. नमनातली मावशी कृष्णाला "मेल्या, दही चोरतोस आणि वर तोंड करून बोलतोस?" म्हणून झोडपायला लागली तेव्हा नवी नवरी रेमेदीन पोट धरून हसली होती. भटजींचं तोंड कसं झालंय ते बघायला मान वळवावी, हे तिला सुचलंही नव्हतं.

नाही, घरी बसणं काही जमणार नव्हतं. संध्याकाळी तिने हितेशला हाक मारली. "फ्रॉक शिवून देते. पण तालीम माझ्या अंगणात करायची."

जुना पडदा होता, त्यावर ताटाएवढी जास्वंदीची फुलं. सुजयच्या पोटाला टेप पुरेना, तेव्हा तिने सुतळी लावून माप घेतलं आणि "हे माप मी कुठे बोलणार नाही हो," असं त्याला वचन दिलं. सुजय लाजला. मिशीसकट लाजलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

तालमीला तुळसा दोन्ही अंगणांमधल्या दगडी गडग्यावर येऊन बसली. मागून तिचा नवरा गंगाराम आला. सुजय एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन "ओ गॉड, ओ गॉड" करत अंगणभर फिरला.

"ही बाई प्रार्थना कधी करते?" काकीने विचारलं.

"सगळा वेळ तीच करते की," हितेश म्हणाला.

"आणि पिते कधी?"

"मध्ये मध्ये."

"अरे, माळ जपायची तर बोटं मोकळी लागतात. बाटलीने मणी सरकत नाय. आणि दोन्ही हात अडकले तर बसताना फ्रॉक कोण सावरणार, तू?"

तुळसा खुसखुसली. सुजयने बाटली अंगणातल्या क्रूसाच्या ओट्यावर ठेवली, मग कुठे ठेवली ते कळून घाईघाईने उचलली.

"तुम्हाला देवभोळा माणूस दाखवून हसवायचंय ना?" काकी म्हणाली. "मग आमच्या ह्यांना घ्या."

आणि तिने संतानची गोष्ट सांगितली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. बाकीचे मटण सोडत. संतान म्हणायचा, मटण मला आवडतच नाय, ते सोडलं तर देव मला हसेल. म्हणून त्याने मच्छी सोडायचं व्रत घेतलं. चाळीस दिवस मच्छी खाल्ली नाही, आणि चाळीस दिवस रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन उभा राहिला. कशाला, तर नुसता वास घ्यायला. एकदा फादरने त्याला तिथे पकडलं. संतान म्हणाला, "फादर, नाकाचा उपास नाय सांगितलात तुम्ही."

"आणि आमचे हे घरी आले, तर शेजारी हे!" काकीने गंगारामकडे बोट केलं. "बरोब्बर त्याच वेळेला ह्यांच्या चुलीवर बांगडा."

गंगाराम सत्तरीचा, बोटीवर जन्म काढलेला. तो शांतपणे म्हणाला, "मी वारा बघून चूल पेटवायचो."

"बघितलंस? नाखवा कुठचा! धूर नेमका आमच्या खिडकीत. मग आमचे हे श्रावणाची वाट बघत बसायचे. श्रावण लागला की सुके बोंबील आणायचे. खायला नाय हां. गडग्याजवळ शेगडी मांडून भाजायला."

"महिनाभर!" गंगाराम उसळला. "मी देवघरात बसलोय, हात जोडलेत, आणि नाकात बोंबील! आरती म्हणताना तोंडाला पाणी सुटायचं. देवाला वाटायचं, भक्त गहिवरला."

तुळसा गडग्यावरून घसरायची तेवढी राहिली होती. हितेश रिक्षाच्या पावत्यांच्या पाठीवर भराभर लिहून घेत होता. सुजय फ्रॉकमध्ये फतकल मारून बसला होता आणि डोळे पुसत होता.

चार दिवसांत नाटक बदललं. संतान आणि गंगाराम, मध्ये गडगा, वर दोघांचे देव, आणि वाऱ्याची दिशा. सुजय आता संतानची बायको झाला, म्हणजे खुद्द रेमाकाकी. फ्रॉक मात्र राहिला. एवढ्या जास्वंदी वाया कशा घालवायच्या? "ओ गॉड" पण तीनदा राहिलं, कारण हितेश म्हणाला, मुंबईवाले त्याची वाट बघतील. काकी म्हणाली, ठेव. तिसऱ्या तालमीला सुजय तिच्यासारखा सुई दातांत धरून बोलला, तेव्हा तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं. अंगणात तिच्याशिवाय चौघेच होते, आणि सगळे आपापलं हसत होते.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी हितेश एकटाच आला. ह्या खेपेला त्याने पाणंदीतूनच हाक मारली आणि पडवीत टेकला. काकी फ्रॉकचा शेवटचा हूक लावत होती. हितेशने थोडा वेळ चप्पल हलवली, मग म्हणाला, "काकी, खरं सांग. काय खटकत असेल तर आत्ताच बोल. बाटली नको, माळ नको, ओ गॉड नको, जे म्हणशील ते काढतो. उद्या तू समोर असणार. तुला वाईट वाटलं तर मला नाय बघवणार."

"समोर नाय, मागे बसते मी."

"तेच ते. पण सांग."

रेमाकाकीने दोरा तोडला. आत्तापर्यंत हे तिने संतानलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सांगायला घ्यावं तर एवढंसं वाटायचं.

"काय काढू नको," ती म्हणाली. "एक कर. पडदा उघडायच्या आधी तू बोलायला उभा राहतोस ना, तेव्हा सगळ्यांना सांग, की नाटक चालू असताना कुणी मागे वळून माझ्या तोंडाकडे बघायचं नाय. मला पण हसायचंय."