नानांची पिचकारी

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला ऑफिसात होते. "अगं, नाना चहा घेता घेता बसल्या जागी कलंडले... डॉक्टर येऊन गेले. गेले गं ते." मी "बरं" म्हणाले, हातातलं पत्र टाइप करून संपवलं आणि मगच उठले. त्याला दीड महिना झाला. अजून तसंच चाललंय... म्हणजे काहीच वाटत नाही.

नाना माझे सासरे. कोर्टातून निवृत्त झालेले, डोंबिवलीत आमच्याकडे राहायचे. सासूबाई गेल्यावर त्यांनी स्वतःकडे बघणंच सोडलं. पुढचे दात पडले, तसे बोलताना तोंडावर हात धरायला लागले. मग बोलणंच कमी झालं. नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी ब्रिज बसवला, म्हणजे शेजारच्या दातांना धरून पक्के बसवलेले खोटे दात, पण त्याच्याखालून धागा घालून साफ करणं त्यांच्या थरथरत्या हातांना जमेना. हिरड्या सुजल्या. तेव्हा बाईंनी वॉटर फ्लॉसर घ्यायला सांगितलं, दातांच्या फटींत पाण्याची बारीक धार मारायचं यंत्र. नाना त्याला पिचकारी म्हणायचे.

पहिले आठ दिवस आरसा, भिंत, बनियन, सगळं भिजायचं. टोक तोंडात जायच्या आधीच ते बटण दाबायचे. एकदा निघायच्या घाईत मी बोलून गेले, "नाना, जमत नसेल तर राहू द्या ना!" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिचकारीला हातच लावला नाही. हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी बेसिनपाशी त्यांच्या शेजारी उभी राहिले. "आधी टोक आत, ओठ मिटा, बटण मी दाबते."

"अगं, तुला उशीर..."

"होऊ दे."

मग ते रोजचंच झालं. पुढे बटणही तेच दाबायला लागले. नंतरच्या तपासणीत बाई म्हणाल्या, "हिरड्या छान आहेत हं, आजोबा." परतताना रिक्षात नाना तोंडावर हात न धरता हसले. मी फोनवर फोटो काढला.

दिवसकार्याच्या आधी माझा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, फ्रेमसाठी जरा गंभीर फोटो नाही का? लोक काय म्हणतील?"

"हाच लावायचा," मी म्हटलं.

दिवसकार्याच्या दिवशी फ्रेमला घातलेला हार आखूड निघाला. फुलं नेमकी नानांच्या तोंडावर येत होती. सगळे बघत असताना मी तो काढला आणि फ्रेमच्या खाली ठेवला.