आईच्या तोंडी घातलेलं वाक्य

गेल्या महिन्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि सकाळचा चहा तसाच निवून गेला. एका जुन्या टीव्ही मालिकेतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्यात माझी आई. डोक्यावर माशांची पाटी, एक हात पाटीला, दुसरा कमरेवर, आणि तोंडातून शब्द येतात, "सायेब, तुमी तर आमचं द्येव हाय!" खाली कुणीतरी लिहिलेलं, 'जनतेच्या मनातले साहेब.'

साहेब म्हणजे आमच्या भागातले एक पुढारी. त्यांच्याच आयुष्यावर ती मालिका बेतली होती, असं ते हयातभर सांगत फिरले. आता त्यांचा मुलगा निवडणुकीला उभा आहे, म्हणून हे मढं पुन्हा उकरून काढलेलं. कमरेवर हात ठेवून कोण कुणाला देव म्हणतं, एवढा साधा विचारही तो व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

आणि ते 'हाय'! मालवणपासून आरोंद्यापर्यंत कुठल्याही मासेवालीला विचारा, 'हाय' कोण म्हणतं? आम्ही 'आसा' म्हणतो. पण मालिका करणाऱ्यांच्या लेखी सगळा मुलूख मिळून खेडं एकच, आणि त्या खेड्यातली बाई बोलणार ती एकाच तऱ्हेनं.

शूटिंग झालं तेव्हा मी पाचवीत होते. आमची वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये वहाळ, म्हणजे ओढा आहे. त्यावर तेव्हा साकव, साधा पायपूलसुद्धा, नव्हता. आई पाटी घेऊन दगडांवरून वहाळ ओलांडायची आणि धामापूरकडे जाणारी एसटी पकडायची. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून. मालिकेतल्या पुढाऱ्यानं म्हणे गावाला साकव बांधून दिला होता. खऱ्या पुढाऱ्यानं काही दिला नव्हता. मग शूटिंगवाल्यांनीच लाकडी फळ्यांचा एक साकव उभा केला, त्याला झेंडूच्या माळा लावल्या आणि उद्घाटनाला गर्दी म्हणून वाडीतली माणसं गोळा केली. आईचा आवाज खणखणीत, म्हणून तिला एक वाक्य मिळालं. तेच, देवाचं.

मी शाळेत होते. पुढचं सगळं आईनं संध्याकाळी सांगितलेलं. कॅमेरा सुरू झाला तेव्हा ती देवबीव काही म्हणाली नाही. तिनं विचारलं, "खंय होतास इतकी वर्सां?" इतकी वर्षं कुठे होतास, म्हणून. दिग्दर्शकानं ओके म्हटलं. त्याला बहुतेक शब्द कळलेच नाहीत, आवाज तेवढा आवडला. आई सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. तिसऱ्या दिवशी साकवाच्या फळ्या उचकटून टेम्पोत भरल्या आणि टेम्पो तळेऱ्याच्या दिशेनं निघून गेला. "निदान दोन फळयो तरी ठेया," आईनं त्यांना म्हटलं होतं. कुणी मान वळवून पाहिलंही नाही. खरा साकव व्हायला माझं लग्न होऊन मला सासरी जावं लागलं.

तो भाग लागला तेव्हा वाडीतल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर सगळी वाडी बसली होती. आई पुढे, ठेवणीतलं लुगडं नेसून. पडद्यावर ती दिसली आणि दुसऱ्याच कुठल्या बाईच्या चिरक्या आवाजात म्हणाली, "सायेब, तुमी तर आमचं द्येव हाय!"

आई ताडकन उठली. "ह्यो माझो आवाज न्हय!"

"मगे काय शेजारणीचो?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

घरी येताना मी तिला म्हटलं, "पण आये, टीव्हीत तर तूच बोललंस." ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढे कित्येक वर्षं बाजारात तिच्या पाटीपाशी येऊन लोक विचारायचे, "काय गो, द्येव पावलो?" आधी ती शिव्या हासडायची. मग नुसती बघायची. मग तेही सोडलं. मासे घासाघीस करून विकणारी, तलाठ्यालासुद्धा उभ्यानं जाब विचारणारी बाई, आणि गावभर ओळख झाली ती पुढाऱ्याच्या पाया पडणारी म्हणून. मी मात्र एकदाही म्हटलं नाही की माझा तुझ्यावर विश्वास आहे. कारण नव्हताच. कॅमेऱ्यासमोर ती घाबरली असेल, पढवलेलं बोलून गेली असेल आणि मग लाजेनं ते शूर वाक्य रचलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शिकून शाळेत शिक्षिका झाले तरी ते मत बदलून बघावं असं मला वाटलं नाही.

त्या सकाळी ग्रुपवर मी लिहिलं, 'हा माझ्या आईचा आवाज नाही. व्हिडिओ काढा.' का लिहिलं कुणास ठाऊक. कदाचित नुसत्या संतापानं. उमेदवाराच्या एका कार्यकर्त्याचं लगेच उत्तर आलं, 'ताई, तोंड तर त्यांचंच आहे ना?' वर हात जोडल्याचं चित्र.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन भिंतीवर आपटणार होते. आणि मग आठवलं, पाचवीतली मी आईला दुसरं काय म्हणाले होते?

त्याच दुपारी माहेरी गेले. आईनं आता ऐंशी ओलांडलीय. घरापुढच्या खळ्यात बसून ती कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिच्यासमोर फोन धरला. तो चिरका आवाज मला पुन्हा ऐकवेना म्हणून आवाज पूर्ण बंद करून ठेवला होता. तिनं पदराला हात पुसले, फोन आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावला. पडद्यावरच्या आईचं तोंड उघडलं आणि माझ्यासमोरची आई मोठ्यानं म्हणाली, "खंय होतास इतकी वर्सां?"

अक्षराला अक्षर जुळलं. मी तिसऱ्यांदा लावला. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून पुटपुटून पाहिलं. 'सायेब, तुमी तर आमचं' म्हणायचं तर ओठ तीनदा मिटावे लागतात. तिचे एकदाही मिटत नव्हते. नजरही समोरच्या नटावर नव्हती, त्याच्या खांद्यावरून पलीकडे होती.

"तू त्याच्याकडे बघूक नाय?" मी विचारलं.

"त्येका कित्याक विचारू? तो बिचारो मुंबयचो. सायब मागे उभो होतो, शूटिंग बघूक इल्लो. त्येका विचारलंय."

म्हणजे तिनं खऱ्या माणसाला, त्याच्या तोंडावर, भर गर्दीत विचारलं होतं. आणि ते पुसून तिच्या तोंडी 'द्येव' कोंबला गेला, तो आता त्याच्या मुलाला मतं मागायला उपयोगी पडतोय. मला कुणाचा राग करावा तेच कळेना. मालिकावाल्यांचा, त्या साहेबाचा, हसणाऱ्या वाडीचा. रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता.

"आये," मी म्हटलं, "तू खरा सांगत होतंस."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा सोलं पसरायला घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मगे तू खंय होतंस, इतकी वर्सां?"