व्हिडिओ संपल्यावर विचार

लोणावळ्याला लोक धबधबे बघायला जातात, मी शाळा बघायला गेले. मावळातली माझी चुलतबहीण सुनीता फोनवर म्हणाली, "ताई, सानिकाला पाचवीला लोणावळ्यात घालू का हितंच ठिवू? तू शिकल्याली हायेस. दोनी शाळा बग आन् सांग." मी हो म्हणून बसले. नसती उठाठेव!

शुक्रवारी पुण्याहून जुन्या हायवेने निघाले. सोमाटण्याला मिसळ झकास, ऐंशी रुपये. पुढे गावचा रस्ता मात्र ती मिसळ पोटात ढवळून काढतो. लहान गाडी अजिबात नेऊ नका.

गावातल्या सरकारी शाळेत भिंतीवर भलाथोरला डिजिटल बोर्ड. त्यावर दसऱ्याचं हळदकुंकू आणि वरचं प्लास्टिक जसंच्या तसं!

"काढलं नाही?"

"काढलं की गॅरंटी जाते म्हणतात," बाई म्हणाल्या. "आणि लाईट तरी कुठे असते?"

त्या पोरांना अंगणात घेऊन गेल्या, काठी रोवली, सावली मोजायला लावली. सानिकाने विचारलं, "बाई, दुपारी सावली कुटं जाती?" बाई सांगणार, तेवढ्यात वरून निरोप आला, डिजिटल वर्गाचा फोटो आत्ताच्या आत्ता पाठवा. झालं! पोरं बंद बोर्डापुढे उभी केली, फोटो काढला आणि बाई रेंज शोधत टेकडीवर गेल्या त्या तासाभराने उतरल्या. मी कपाळाला हात लावला.

शनिवारी मायलेकींना घेऊन लोणावळ्यात तुंगार्लीजवळच्या खासगी शाळेत. सगळं चकाचक. सानिकाला वर्गात बसू दिलं, आम्ही मागे. बोर्डावर पृथ्वी गरगर फिरत होती. सानिकाचा हात वर. "मॅडम, मग दुपारी सावली कुटं जाती?" 'कुटं' ऐकून दोघंतिघं हसली.

"बेटा, व्हिडिओ संपल्यावर विचार."

व्हिडिओ संपला, घंटा झाली, मॅडम पुढच्या वर्गावर. अहो, थांबवायचं बटण असतं की त्याला!

"केवडा पडदा, ताई! घालू ना?" सुनीता हरखली होती. मला दोन्हीकडचा इतका वीट आला होता की म्हटलं, "घाल बाई, तुला पटेल तिथं."

शनिवारी दुपारी लोणावळ्यातून निघायचा वेडेपणा करू नका. चिक्कीच्या दुकानांसमोर आम्ही तासभर अडकलो. शेजारच्या सीटवरून सानिका म्हणाली, "मावशी, एक इचारू?"

"थांब गं, आधी ह्या ट्रॅफिकमधून सुटू दे."

सुटलो, आणि मी विसरले.

शाळा सुरू झाल्यावर परवा तिला फोन केला. "नवी शाळा कशी आहे?"

"लय भारी."

"मग ते सावलीचं विचारलंस का मॅडमना?"

"न्हाई. तितं निस्तं बगायचं असतं, मावशी."

उत्तर मला येत होतं. काठीसुद्धा लागली नसती.