मोटार थांबंल तिथंच लेक

आमच्या आबांचं नाव गेनबा, पर भोंगवलीपास्नं नसरापूरपातुर समदी त्यांना 'रेल्वेवालं' म्हणायची. आयुष्यात रेल्वेत बसलं असतील एकदा, नीरेपास्नं जेजुरीपातुर, तेबी खंडोबाच्या पुण्याईनं. तेवढ्या शिदोरीवर माणूस जन्मभर बोललं.

नीरेच्या टेशनावरनं एक फाटा काढा, आमच्या भोंगवलीवरनं न्या आन भोरात नेऊन ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. बाजाराच्या दिवशी नसरापुरात चहाच्या दुकानापुढं त्यांची बैठक बसायची. समोर भोरचं केशवराव वकील. ते मोटारीच्या बाजूचं. त्यांचं म्हणणं, रेल्वेला रूळ लागतात, पूल लागतात, आपलं संस्थान केवढं? सडका करा, सर्व्हिस मोटारी वाढवा, मिटलं. आबा म्हणायचं, मोटार माणसं भरल्याबिगर हलत न्हाई, रेल्वे रिकामी असली तरी येळंला सुटती. वकील म्हणायचं, म्हणूनच ती तोट्यात जाती. बाजार उठला तरी दोघं उठायचं न्हाईत. आबांनी इकायला नेलेलं कांदं पुन्यांदा घरी यायचं आन आई कपाळाला हात लावायची.

आता ह्या येडाचं कारण सांगते. आबांची बहीण, आमची बाळाबाई आत्या, लांब डोंगरात दिलेली. आजी गेली तवा आत्याला निरोप पोचून ती येईस्तवर राखसुदीक सावडून झालती. आत्या दारात बसून रडली. आईचं तोंड एकदा दाखवायचं तरी, असं आबांना म्हणाली. दाखवायचं कसं? आबांच्या ते काळजाला लागलं. त्यांनी तवाच ठरवलं, माझ्या लेकींचं माहेर असं तुटू द्यायचं न्हाई. मोटार थांबंल, न्हाईतर रेल्वे थांबंल, तिथंच लेक द्यायची.

थोरली सगुणाक्का त्यांनी पुण्यात दिली. टेशन चालत जाण्याजोगं, मोटारींचा अड्डा त्याच्या अलीकडं. आबा असं खूश, जसं काय जावई न्हाई, टेशनच घरात आलंय.

मग माझी पाळी. दुसऱ्यांचं बाप इचारतात जमीन किती, दुभतं किती. आमचं आबा इचारायचं, मोटार कुठं थांबती? पावणंबी इरसाल. एक म्हणालं सडक मंजूर झालीया, दुसरं म्हणालं पुढल्या साली टेशन हुतंय. आबा सोता जाऊन बगून यायचं. सडकंच्या जागी निवडुंग आन टेशनाच्या जागी कुणाची तरी म्हस. असं करता करता मी घरातच ऱ्हायले. पाणवठ्यावर बाया टोमणं मारायला लागल्या, भिमाला काय इंजनाला देणार का म्हणून. माझं डोकं फिरायचं.

एका उन्हाळ्यात वेल्ह्याकडनं कोंडिबा नावाचं पावणं आलं, संगं पुतण्या. दोघं चालत आलेलं. आबांनी नेहमीचा सवाल टाकला. कोंडिबांनी घसा खाकरला आन वर बोलणं चाललंय, औंदा सडकंचं काम निघंल, असं काय काय सुरू केलं. पुतण्यानं त्यांना मधीच थांबवलं.

"कशाला तात्या? सडक न्हाई, मोटार न्हाई. इतक्यात व्हणारबी न्हाई. आमी चालतो."

आबा ताडकन उठून परसात गेलं. पावणं बिनपानाचं माघारी फिरलं. आई असली भडकली! इतकी खोटं बोलली त्यांना गुळाचा चहा, आन एक पोरगा खरं बोलला तर त्याला साधं पान न्हाई, म्हणाली. मी दाराआडनं समदं ऐकलं व्हतं. कुठनं धीर आला देव जाणे, पर म्या आईला सांगितलं, मला ह्योच पायजे. खरं सांगू का, म्या त्याचं तोंड धड बगितलंच न्हाई, खालीच बगत व्हते. पाय तेवढं दिसलं. धुळीनं भरलेलं, पर भक्कम.

आबा लई दिस फुगून बसलं. आईनं बोलणं टाकलं तवा नरमलं, पर अट घातली. वर्साला पंचमीला आन दिवाळीला लेक माहेरी दिसली पायजे, एकदाबी चुकली तर सोता येऊन घेऊन जाईन, परत धाडायचो न्हाई. त्या पुतण्यानं, म्हंजे आमच्या मालकांनी, नुसतं 'बरं' म्हटलं. आबांना वाटलं, हे काय टिकतंय.

तर मालकांनी एकबी सण चुकवला न्हाई. नसरापूरपातुर चालत, म्होरं मोटार घावली तर मोटार, न्हाईतर पाय हाईतच. आमी पोचलो की आबा जावयाशी बोलायचं न्हाईत. आधी माझ्या टाचा बगायचं, मग आईला त्याल गरम करायला सांगायचं.

तेवढ्यात लढाई लागली. पेट्रोल गडप झालं. मोटारींच्या मागं कोळशाची भट्टी बसली आन त्या चढावर धापा टाकायला लागल्या. उतारू खाली उतरून ढकलायचं. रेल्वेत सोल्जर भरलेलं. एक दिस खुद्द केशवराव वकील धोतर खोचून नसरापूरपास्नं भोरला चालत निघालं, तर आबा सांगाती म्हणून मैलभर त्यांच्या संगं गेलं आन वाटंनं भांडत ऱ्हायलं.

त्याच साली श्रावण सरता सरता आबांना ताप भरला. ताप उतरंना. वैद्यानं मान हलवली. माझ्या भावानं सगुणाक्काला पुण्याला निरोप धाडला, मला बाजारकऱ्यांकडनं. निरोप माझ्या कानावर आला. आत्याचं झालं तेच माझं व्हणार, दुसरं डोक्यात येईना. मालकांनी घोंगडं उचललं आन म्हणालं, चल.

गावाबाहेरचा ओढा दुथडी भरून चाललेला. मालकांनी मुंडाशाचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. मधी माझा पाय सटकला, नाकातोंडात पाणी गेलं. आबांच्या आधी आजीचीच गाठ पडती का काय, असं झालं. पर त्यांनी हात सोडला न्हाई. नसरापुरात मोटार हुबी व्हती, तिची भट्टी पेटंना. आमी तिच्याकडं न बगता म्होरं गेलो.

दुसऱ्या दिशी घरात शिरलो तर आबांनी डोळं उघडलं. माझ्या वल्ल्या केसांवर हात फिरवला.

"येवढी भिजलीस कशी गं?"

म्या ओढ्याचं सांगितलं. तापात माणूस, पर इचारत बसलं, पाणी कुठवर आलं, काठ कसलं हाईत, रुंदी किती. मग गप झोपलं. मी उशाशी बसून ऱ्हायले. दोन दिसांनी घाम फुटला आन ताप निघाला. तवा कुठं सगुणाक्का आली, कोळशानं तोंड काळं झालेलं. बिचारी रोज सकाळी गाठोडं घेऊन अड्ड्यावर जायची आन मोटार न्हाई म्हणून परत यायची. दारातच बसून रडाय लागली, तर आत आबा पेज पीत बसलेलं. आमी हसावं का रडावं कळंना.

थंडीत संस्थानचं अंमलदार गावोगाव फिरत आलं, रयतेला काय पायजे ते इचारायला. चावडी भरली. केशवराव वकील भोरास्नं मुद्दाम आलं, रेल्वेचा मुद्दा खोडायला. गावानं आबांना पुढं ढकललं. आबा हुबं ऱ्हायलं आन म्हणालं, वेल्ह्याकडं एक ओढा हाय, त्यावर साकव पायजे. म्हंजे माणसं जाण्यापुरता लाकडी पूल. अंमलदारांनी इचारलं, तो ओढा तुमच्या गावात आहे का?

"न्हाई साहेब. पर माझी लेक त्यातनं येती."

"आणि रेल्वेचं काय?"

"रेल्वे आली तर बसू की. लेक चालत येती."

गाव असलं खवळलं! पाटील म्हणालं, गेनबानं आपल्या गावचं मागणं पाण्यात घातलं. तेवढ्यात केशवराव वकील उठलं. आता हे काय बोलतात म्हणून समद्यांनी माना तिकडं वळवल्या. ते म्हणालं, "माझं गेनबांना अनुमोदन आहे," आन खाली बसलं. आबांना पाठिंबा द्यायची त्यांची ती पयली येळ.

बघू, म्हणून अंमलदार गेलं. झालं काय न्हाई. शिमगा झाल्यावर आबा खांद्यावर लाकूड तासायचा वाकस घेऊन चालत आमच्या दारात हजर. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा आलेलं. मालकांनी बांधावरची दोन ऐनाची झाडं पाडली. सासरा-जावई तासत बसलं, ओंडक्याचा जाड बुडखा ह्या काठाला का त्या काठाला म्हणून भांडलं, आन गावातल्या गड्यांनी हात लावून ओंडकं ओढ्यावर टाकलं.

आबांनी मला घरनं ओढ्यावर बोलवून घेतलं, पयली तू जा म्हणालं. म्या म्हटलं, तव्यावर भाकरी हाय. ऱ्हाऊ दे भाकरी, म्हणालं. मी पदर खोचून ओंडक्यांवरनं गेले, माहेरच्या काठाला उतरले आन लगोलग माघारी वळले. तर पलीकडं आबा पैरणीच्या बाहीनं डोळं पुसत व्हतं.

"थांब तिथंच जराशी," म्हणालं. "बगू दे मला."

मी थांबले. मलाबी रडू आलं. भाकरीचा कोळसा झाला.